येते म्हणायचं नाही

आम्ही वेसाव्याला राहायला गेलो ते त्र्याऐंशी साली. त्याआधी मुलुंडला सासूबाईंच्या दोन खोल्यांत तिघं राहत होतो. त्या दोन खोल्यांत माझं स्वतःचं असं काही असेल तर फडताळातला एक कप्पा. तोही सगळ्यात वरचा, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचायचा नाही. मी साखरेचा डबा एका जागी ठेवला की सासूबाई तो उचलून दुसरीकडे ठेवायच्या, आणि मी शोधायला लागले की म्हणायच्या, "जयंती, तुला मेलीला काही सापडतच नाही!" बाई वाईट नव्हत्या. पण लग्नाला पाच वर्षं होऊनही रोज साखर शोधायची म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

ह्यांना, म्हणजे विद्याधरना, अंधेरीच्या एका कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली. रोजचं मुलुंड-अंधेरी झेपेना, तेव्हा माझी सुटका झाली. कारखान्यातल्या कोणीतरी सांगितलं की वेसाव्याच्या कोळीवाड्यात द्रौपदीबाई म्हणून आहेत, त्यांची माडी रिकामी आहे. आम्ही बघायला गेलो आणि मी जिन्यातच ठरवून टाकलं, इथेच.

घर जुनं होतं. किती जुनं ते द्रौपदीबाईंनाही सांगता यायचं नाही. त्यांच्या आजेसासूबाई नवरी होऊन आल्या त्या ह्याच घरात, एवढंच त्यांना माहीत. खाली ओटी, माजघर आणि मागे चूल. बाहेरच्या अंगाने लाकडी जिना, आणि वर आमची एकच लांबट खोली, कौलारू. मधला खांब कुठल्याशा मोडलेल्या गलबताच्या डोलकाठीचा होता, हात फिरवला की तुकतुकीत लागायचा. खिडकी ओटीच्या वर, गल्लीपलीकडच्या खाडीवर उघडत होती. समोर मढचा किनारा, मधे होड्या, आणि खिडकीखाली बांबूच्या वलांड्यांवर ओळीने वाळत घातलेले बोंबील. पहिला आठवडा मी नाकाला पदर लावून होते. मग तो वास कधी नाहीसा झाला कळलंच नाही. उलट मुलुंडला गेलं की हवेत काहीतरी कमी आहे असं वाटायला लागलं.

द्रौपदीबाई साठीच्या असतील. काळ्याभोर, उंच, नऊवारी घट्ट नेसलेल्या, आणि बोलणं तुटक. त्यांनी ओटीवर उभ्याउभ्याच अटी सांगितल्या. पाणी जपून वापरायचं. खिडकीतून खाली काही टाकायचं नाही, बोंबील खराब होतात.

"आनि येक. घरातून भाईर निघताना येतो, येते, असा बोलायचा नाय. जातो बोलायचा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आपल्याकडे लहान मूलसुद्धा निघताना 'जातो' म्हणालं तर आई त्याच्या तोंडावर हात ठेवते. निघणाऱ्याने 'येतो' म्हणायचं, आतल्याने 'ये' म्हणायचं, मग पाऊल बाहेर टाकायचं. हे कोणी शिकवावं लागत नाही.

"का हो?" मी विचारलं.

"या घरान कोनाचा शब्द खाली पडत नाय, म्हनून."

"मग चांगलंच आहे की!" हे हसून म्हणाले.

"चांगलाच हाय," द्रौपदीबाई म्हणाल्या, पण त्या हसल्या नाहीत.

ह्यांना तर मजाच वाटली. रोज सकाळी डबा घेऊन जिन्यावरून उतरताना हे मोठ्याने ओरडायचे, "जातो!" खालच्या ओटीवरून द्रौपदीबाई समाधानाने मान हलवायच्या. माझी जीभ काही वळेना. मी बी.एस्सी. झालेली, मुलुंडच्या शाळेत गणित शिकवलेलं, शकुन-अपशकुन मानणाऱ्यातली मी नव्हे. तरी 'जाते' म्हणायला गेलं की घशात अडकायचं. शेवटी मी 'निघते' असं म्हणू लागले, आणि द्रौपदीबाईंनी ते चालवून घेतलं.

त्या खोलीत मी फार सुखात होते. दुसरा शब्द नाही. सकाळी हे गेले की मी खिडकीत बसून चहा प्यायची. साखरेचा डबा मी शेगडीच्या उजव्या हाताला ठेवला होता आणि तो तिथेच राहत होता. कधी कधी मी नुसती त्याच्याकडे बघून खूश व्हायची. दुपारी भरतीचं पाणी चढायला लागलं की होड्या हळूहळू सरळ उभ्या राहायच्या, आणि कौलांच्या आतल्या बाजूला पाण्याचा उजेड हलत राहायचा. मी जमिनीवर पडून ते बघायची. पाय भिंतीला लावून, पदर कुठे, केस कुठे. कोणी बघायला नव्हतं.

खाली ओटीवर दुपारच्या वेळी एक गृहस्थ पाठमोरे बसलेले असायचे, जाळं दुरुस्त करत. द्रौपदीबाई त्यांच्यापुढे भाताचं ताट ठेवायच्या. ते द्रौपदीबाईंचे यजमान असणार असं मी धरून चालले होते. त्यांच्या मागून जाताना पदर सावरून जायची. त्यांनी कधी वळून बघितलं नाही.

श्रावणात एका रविवारी सासूबाई घर बघायला आल्या. जिना उंच, वास असह्य, खिडकीला गज नाहीत, चोर सरळ आत येईल. साखरेचा डबा त्यांनी उचलून वरच्या फळीवर ठेवला. संध्याकाळ व्हायच्या आधी हे त्यांना बसपर्यंत सोडायला निघाले. सासूबाईंनी उंबऱ्यात चपला घातल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि म्हणाल्या, "बरं, येते हं."

"या," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. खाली द्रौपदीबाई जवळा निवडत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली.

मी कपबश्या विसळून मागे वळले तर सासूबाई खुर्चीत बसलेल्या. काहीतरी विसरलं असेल असं वाटून मी विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या. मी चहा करून दिला, त्यांनी घेतला. खोलीभर नजर फिरवली. खांबाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "छान लावलंयस गं घर."

मला भरून आलं. पाच वर्षांत ह्या बाईंच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. मी लगबगीने पोहे भिजवायला घेतले. तेवढ्यात जिन्यावर ह्यांची पावलं वाजली.

"बसवून दिलं आईला बसमध्ये," हे घाम पुसत म्हणाले. "खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होती."

खुर्ची रिकामी होती. कप खाली ठेवलेला, चहा संपलेला.

मी ह्यांना सांगितलं. "डुलकी लागली असेल तुला," हे म्हणाले. मलाही ते पटलं, कारण दुसरं पटण्यासारखं काही नव्हतं.

पण त्या परत आल्या. हे कारखान्यात गेलेले असताना, दुपारच्या, कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी. जिना वाजायचा, आणि मी दारात जाईपर्यंत त्या खुर्चीत असायच्या. काही मागायच्या नाहीत, कशाला हात लावायच्या नाहीत. खिडकीतून पाणी बघत बसायच्या. निघून जाताना कधी दिसल्या नाहीत. मी पाठ वळवली की नसायच्या. दरवेळी एकदा तेच म्हणायच्या, छान लावलंयस गं घर. भ्यायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण खरं सांगायचं तर मी वाट बघायला लागले होते. त्या बसलेल्या असल्या की मी माझी कामं करायची, मधेच एखादी गोष्ट सांगायची, आणि त्या ऐकायच्या. मुलुंडच्या सासूबाईंकडे मी इतकी वर्षं हेच मागत होते.

शेवटी एकदा मी खाली जाऊन द्रौपदीबाईंना विचारलं. त्या चुलीपुढे होत्या.

"ती बोलली 'येते', तू बोललीस 'या'," त्या म्हणाल्या. "मंग येल नाय तर काय करल?"

"पण त्या तर मुलुंडला असतात. मी विचारलं ना, त्या इकडे फिरकल्याच नाहीत."

"ती तिकडं हाय. ही हिकडं येते. शब्द दिलाय ना, गो."

"आणि हे असंच चालू राहणार?"

"खरा मानूस येकदा परत आला, घरान पाय ठेवला, का मंग ह्यो येत नाय. शब्द पुरा झाला."

"आणि खरं माणूस आलंच नाही तर?"

द्रौपदीबाईंनी भाताचं ताट उचललं, ओटीवर गेल्या आणि त्या पाठमोऱ्या माणसापुढे ठेवलं. मी दारातून बघत होते. त्यांनी त्याच्या खांद्यावरचा कसलासा कण झटकला.

"माजा घरवाला, गुनाजी, बोलला व्हता 'येतंव'," त्या परत येऊन म्हणाल्या. "होरी घेऊन दर्यान गेला तवा. मी बोलली, 'ये'. त्याची होरी मिलाली, तो नाय मिलाला. माजी सून नवी व्हती तवा. आता तिची पोरा मोठी झाली, मालाडला ऱ्हातान." त्या चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाल्या, "जो येते तो भांडत नाय, पीत नाय. पन मना आवाज चढवनारा पायजे व्हता."

मी वर आले. त्या दिवशी मला पहिल्यांदा थंडी वाजली. तरी सासूबाई आल्या तेव्हा मी चहा केलाच.

मग एका दुपारी कारखान्यातली वीज गेली आणि हे लवकर घरी आले. दारात उभे राहिले. खुर्चीत त्यांची आई.

"आई? तू कधी आलीस?"

सासूबाई त्यांच्याकडे बघून हसल्या. इतक्या मायेने त्या कधी हसल्याचं मी बघितलं नव्हतं. ह्यांनी बॅग ठेवली नाही. तसेच जिना उतरून गेले. नाक्यावरच्या दुकानातून मुलुंडच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, आईला बोलावून घ्यायला सांगितलं. आई फोनवर आली आणि भर दुपारी झोपमोड केल्याबद्दल ह्यांना दोन शब्द सुनावले. हे सगळं मला नंतर कळलं. हे परत वर आले तेव्हा खुर्चीत कोणी नव्हतं. हे बराच वेळ खांबाला टेकून उभे राहिले.

"इथे डास फार झालेत," शेवटी म्हणाले. "बोरिवलीला कारखान्यातले दोघंतिघं जागा घेतायत. आपणही बघू."

वेसाव्याच्या वाऱ्यात डास! मी हसले, पण हे हसले नाहीत. आणि खुर्चीतल्या आईबद्दल ह्यांनी पुन्हा कधीही तोंड उघडलं नाही.

दिवाळीत सासूबाई आल्या. खऱ्या. चिवड्यात मीठ कमी, जिना उंच, साखरेचा डबा वरच्या फळीवर. 'येते' हा शब्द निघायच्या आत हे त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेले. त्यानंतर त्या दुसऱ्या सासूबाई आल्या नाहीत. मी पुष्कळ दिवस दुपारचा चहा जास्तच टाकत होते. एखादं घरातलं माणूस गेल्यावर वाटतं तसं मला वाटत होतं, आणि हे कोणाला सांगण्याची सोय नव्हती.

मार्चमध्ये बोरिवलीची जागा ताब्यात आली. तिसरा मजला, दोन बेडरूम, सगळ्या नातेवाइकांनी अभिनंदन केलं. स्वतःची जागा झाली, नशीब काढलंस जयंती!

"आईलाही आता घेऊन येऊ," हे म्हणाले. "दोन बेडरूम आहेत."

"मला नाही जायचं."

"अगं, भाड्याची जागा ती भाड्याची. आज ना उद्या सोडायचीच."

"मला इथे बरं वाटतं हो. आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटतंय."

ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हे भले माणूस आहेत, माझ्या बाजूने नेहमी उभे राहिलेले. पण ह्या वेळी हे घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाला समजावता येत नाही.

टेम्पो सकाळी आला. सामान काय, तासाभरात भरून झालं. रिकामी खोली एकदम मोठी दिसायला लागली. मी खांबावरून हात फिरवला. खाली ह्यांनी द्रौपदीबाईंना नमस्कार केला, "जातो," म्हणाले, आणि टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले.

मी ओटीवर उभी होते. द्रौपदीबाई माझ्यासमोर.

'निघते' म्हणायचं, असं ठरवून आले होते. जीभ घसरली असं मी म्हणणार नाही.

"येते, द्रौपदीबाई."

टेम्पोचा हॉर्न वाजला. त्यांनी ओटीच्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे गुणाजी पाठमोरे बसले होते. मग माझ्याकडे. माझ्या डोळ्यांत त्यांना काय दिसलं असेल ते असो.

"ये, गो," त्या म्हणाल्या.

मी टेम्पोत बसले. ह्यांनी उतरून मला मधे घेतलं. टेम्पो सुरू झाला, गल्लीतून हलत हलत निघाला.

आणि मी तो खिडकीतून बघत होते.

आमच्या खोलीच्या खिडकीतून. खाली टेम्पो वळणाकडे चालला होता. पुढच्या बाजूला ह्यांचा कोपर बाहेर आलेला दिसत होता, आणि त्यांच्यापलीकडे माझा अंबाडा. सकाळी घाईत घातलेला, एका बाजूला सुटत आलेला.

टेम्पो वळला. बोंबलांवरच्या कावळ्यांना हाकलत द्रौपदीबाईंनी वर बघितलं.

"आलीस?"

"आले."

तेव्हापासून मी इथेच आहे. दुपारी खाली जाते. द्रौपदीबाई तीन ताटं वाढतात आणि आम्ही तिघं जेवतो. गुणाजी चेहऱ्याने साधे आहेत, गालावर देवीचे वण. फारसं बोलावंसं कोणालाच वाटत नाही. भरतीच्या वेळी मी जमिनीवर पडून कौलांतला उजेड बघते. मी सुखात आहे. फक्त ह्यांची आठवण येते. हे नेहमी 'जातो' म्हणायचे, त्यामुळे ह्यांचं येणं होत नाही.

गणपती झाल्यावर एका दुपारी खाली ओळखीचा आवाज आला. मी खिडकीत गेले.

ती आली होती. ह्यांच्याबरोबर, हातात पेढ्यांचा पुडा. वाळली होती. कपाळाला आठी पडली होती, आणि ती आठी आता तिथली झाली होती.

ती घरात पाऊल ठेवील आणि मी नसेन. एवढंच मला कळत होतं.

द्रौपदीबाई लगबगीने ओटीवर आल्या. आल्या त्या दार ओढून घेत आल्या, आणि मागे हात नेऊन त्यांनी कडी घातली. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसल्या.

"वर कोणी ठेवलंय का हो भाड्याने?" तिनं विचारलं.

"हाय येक बाई."

"जरा बघून येऊ खोली?"

"झोपलीय ती."

तिनं वर बघितलं. मी मागे सरले नाही. तिनं सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि अनोळखी बाईकडे बघून हसतात तसं तोंडदेखलं हसली. पेढे द्रौपदीबाईंच्या हातात दिले.

"चला हो. घरी आई एकट्या आहेत," ती ह्यांना म्हणाली. आणि मग द्रौपदीबाईंना, अगदी सहज, "बरं, जाते."

जो शब्द माझ्या जिभेवर कधी आला नाही तो.

ती चालू लागली. हे तिथेच उभे होते. मान वर करून माझ्याकडे बघत होते, आणि मी ह्यांच्याकडे. ह्यांचे केस कानांवर पिकले होते.

"अहो, येताय ना?" गल्लीतून ती चिडून म्हणाली.

हे माझ्यावरची नजर न काढता हळूच म्हणाले, "येतो."

द्रौपदीबाईंनी तोंड उघडलंच नाही.

"या," मी म्हटलं.

ती दोघं रिक्षात बसून गेलेली मी बघितली. मग शेगडी पेटवली आणि दोन कप चहाचं आधण ठेवलं.